रिमॅप केलेली डिझेल गाडी घेऊन जाणार असाल तर आधी हे वाचा (४ स्टार)

रिव्ह्यू लांब आहे, आधीच सांगते. पीयूसी सेंटरला लोक "छान सर्व्हिस, लवकर काम" एवढं लिहून पाच स्टार देतात आणि लवकर काम म्हणजे काय तर नंबर प्लेटचा फोटो काढला, दीडशे रुपये घेतले, कागद हातात. इथं तसं होत नाही, इथं नळी खरंच सायलेन्सरमधे जाते. ज्यांना ते नकोय त्यांनी इथंच थांबा, कारण या सेंटरला एक-एक स्टार दिलेल्यांचं रडगाणं हेच आहे की माझी गाडी नापास केली. माझी पण केली. तरी मी चार देतेय.

गाडी फियाट पुंटो एव्हो, ९० एचपी वाली, २०१५ ची, १.३ मल्टिजेट. आपल्या रांजणगावला बनलेली. फियाट गेली पण इंजिनाला तोड नाही, १२४८ सीसीचं हेच इंजिन थोड्याफार फरकानं स्विफ्टला होतं, डिझायरला होतं, इंडिका व्हिस्टाला होतं, उगीच नाही नॅशनल इंजिन म्हणायचे त्याला. कंपनीच्या कागदावर ९३ पीएस आणि २०९ एनएम. पण ज्यांनी चालवलीय त्यांना माहितीय की २००० आरपीएमच्या खाली ही गाडी झोपलेली असते आणि वर गेली की एकदम लाथ मारल्यासारखी पळते. दिवे घाटात पुढं एखादा उसाचा ट्रॅक्टर असला की दुसरा की तिसरा यातच जीव जातो. म्हणून रिमॅप केला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची (ईसीयू) फाइल ट्यूनरकडून बदलून घेतली. स्टेज वन, म्हणजे फक्त सॉफ्टवेअर, टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) वगैरे काही बदललेलं नाही.

ट्यूनरचं नाव लिहीत नाही, पुण्याच्या बाहेर वर्कशॉप आहे त्याचं. गाडी पळायला लागली हे खरं, पण मागच्या गाडीवाल्याला ते माझ्याआधी कळायचं कारण पाय दाबला की आरशात काळा ढग. ट्यूनरला विचारलं तर म्हणाला ताई डिझेल आहे, पॉवर पाहिजे तर थोडा धूर येणारच, आणि पीयूसीचं कसलं टेन्शन घेता, ती फोटोवर मिळते. हे वाक्य मला तेव्हाच खटकलं होतं. पीयूसीची तारीख जवळ आली होती, तर म्हटलं चला एकदा खरं मोजूनच बघू, आणि नगर रोडच्या एका ग्रुपवर कुणीतरी या सेंटरबद्दल तक्रार केली होती की फार कटकट करतात, खरंच टेस्ट घेतात. मला तीच कटकट हवी होती.

आता सेंटर कसं आहे ते. पेट्रोल पंपाच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याची केबिन, एक लॅपटॉप, एक प्रिंटर, पेट्रोलसाठी गॅस ॲनालायझर वेगळा आणि डिझेलसाठी स्मोक मीटर वेगळा. चालवणारा दादा तिशीतला असेल, कमी बोलतो. गाडी लावल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, किती लांबून आलात? मला वाटलं गप्पा मारतोय. तर ते इंजिन गरम आहे का बघायला. मग बॉनेट उघडायला लावलं, डिपस्टिक काढून त्या भोकात ऑइलच्या टेम्परेचरची वायर घातली, आरपीएमचा सेन्सर लावला. इतकी वर्षं गाडी वापरतेय, पीयूसीला बॉनेट उघडलेलं मी पहिल्यांदा बघितलं. ऑइल ६० डिग्रीच्या वर असल्याशिवाय तो सुरूच करत नाही.

डिझेलची टेस्ट कशी असते ते बऱ्याच जणांना माहीत नसतं कारण बघितलेलीच नसते. गाडी न्यूट्रलला, आणि ॲक्सिलरेटर एका दमात पूर्ण खाली, इंजिन शेवटपर्यंत जाऊ द्यायचं, सोडायचं, परत. आधी एक-दोनदा नुसतं रेस करून सायलेन्सरमधली जुनी काजळी उडवून देतात, मग रीडिंग. स्मोक मीटर धुरातून उजेड सोडतो आणि किती आरपार जातो ते बघतो, त्यावरून के व्हॅल्यू, म्हणजे धुराच्या दाटपणाचा आकडा, काढतो. बीएस ४ (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषणाचे सरकारी नियम, माझी गाडी यातलीच) डिझेलला मर्यादा १.६२, त्याच्या आधीच्या गाड्यांना २.४५. जुन्या हार्ट्रिज युनिटमधे बोलायचं तर ५० आणि ६५. रीडिंग एकमेकांच्या जवळपास आल्याशिवाय सरासरी धरत नाहीत, एकच चांगलं आलं म्हणून पास असं नाही. आणि रेस तो स्वतः मारत नाही, आपल्याला मारायला लावतो आणि बाजूला उभा राहून बघतो की पाय पूर्ण खाली गेला का, कारण लोक हळूच दाबतात ना. मी पण पहिल्यांदा हळूच दाबलं, तर "मॅडम, पूर्ण" एवढंच बोलला.

माझं आलं २.१. नापास. त्यानं तोंड वाकडं केलं नाही की "बघू काहीतरी करू" असंही नाही, सरळ रिजेक्शन स्लिप काढून दिली. २०२१ पासून पीयूसीचा देशभर एकच फॉर्म झाला, क्यूआर कोड वगैरे आला, तेव्हाच ही नापासाची स्लिपही आली, त्यावर रीडिंग छापलेलं असतं आणि ती घेऊन गॅरेजला जाता येतं. मी कधी बघितली नव्हती. तुम्ही बघितलीय? इतक्या काळ्या धुरात आपण रोज ट्रॅफिकमधे उभे असतो, म्हणजे या स्लिपा ढिगानं निघायला हव्यात खरं तर.

मग त्यानं विचारलं मॅप केलाय का. हो म्हटलं. तो म्हणाला, एअर फिल्टर बघा, टर्बोपासून इंटरकूलरकडं (हवा थंड करणारी जाळी) जाणारा पाइप कुठं फाटलाय का बघा, आणि दोन्ही ठीक असेल तर मॅपवाल्याला सांगा की खालचा धूर कमी कर. इतकंच. लेक्चर नाही, आणि "माझ्या ओळखीचा मिस्त्री आहे" पण नाही. या एका गोष्टीसाठी एक स्टार जास्त.

फिल्टर नवा होता, पाइप ठीक. म्हणजे मॅपच.

इथं थोडं टेक्निकल लिहिते, कंटाळा आला तर खाली जा. डिझेलच्या ईसीयूमधे एक स्मोक लिमिटर नावाची गोष्ट असते, म्हणजे एअर फ्लो सेन्सर सांगतो की आत्ता एवढी हवा आत आलीय, आणि त्या हवेच्या हिशोबानं ईसीयू इंधनाला मर्यादा घालतो, तू पाय कितीही दाब, एवढ्यापेक्षा जास्त डिझेल नाही. टर्बोला फिरायला वेळ लागतो, हवा उशिरा येते, तोपर्यंत ही मर्यादा धूर अडवते, आणि आपल्याला जो लॅग (पाय दाबल्यावर लागणारा उशीर) वाटतो त्यातला काही भाग हाच. आता ट्यूनरला तर गिऱ्हाइकाला पहिल्या टेस्ट ड्राइव्हला खूश करायचं असतं, मग तो ही मर्यादा सैल करतो, हवा यायच्या आधीच डिझेल ओततो, गाडी उडी मारते आणि न जळलेलं डिझेल काजळी होऊन मागं जातं. पीयूसीची टेस्ट नेमकी त्याच क्षणाची आहे, न्यूट्रलमधे एकदम पाय खाली, टर्बो अजून जागा व्हायचाय. म्हणून असला मॅप इथं पकडला जातो.

ट्यूनरला स्लिपचा फोटो पाठवला. पहिलं उत्तर, कुठल्या सेंटरला गेलात, माझ्या ओळखीचं आहे तिकडं जा. दुसरं उत्तर, टेस्टच्या दिवशी स्टॉक (कंपनीची मूळ) फाइल टाकून देतो, पास झालात की परत आपली फाइल. हे सगळीकडं चालतं, मला माहितीय. सांगलीच्या एका मित्राच्या स्विफ्टला ट्यूनिंग बॉक्स आहे, तो तर पीयूसीच्या आधी पाच मिनिटं बॉक्सचा प्लग काढतो आणि नंतर लावतो. त्या बॉक्सची गंमतच आहे, रेल प्रेशरचं (इंजेक्टरला डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब) खोटं कमी रीडिंग ईसीयूला दाखवायचं म्हणजे ईसीयू बिचारा प्रेशर वाढवत बसतो, जास्त डिझेल जातंय हे त्याला माहीतच नाही, मग स्मोक लिमिटर तरी काय करणार. पण प्लग काढून मिळालेली पीयूसी ही कुठल्या गाडीची? तुम्ही रोज चालवता ती तर नाही ना ती.

मी सांगितलं की फाइल बदलायची नाही, फाइल सुधारायची. कुरकुर केली, पण केलं. स्मोक लिमिटर जवळजवळ कंपनीच्या आकड्यावर परत आणला, टॉर्क चढायचा वेग थोडा सौम्य केला, २००० च्या वरची ताकद बरीचशी ठेवली. फरक? सिग्नलवरून निघताना पहिल्यासारखी उडी मारत नाही. घाटात मात्र जे पाहिजे होतं ते आहे, तिसऱ्यात चढते. आरशात ढग नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिल्या फाइलपेक्षा मला हीच जास्त आवडते, चालवायला सरळ आहे, आणि क्लच पण जरा सुखात असेल.

परत त्याच सेंटरला गेले, त्याच पद्धतीनं टेस्ट, १.१ आलं. पास. बीएस ४ असल्यामुळं एक वर्ष चालते, बीएस ३ आणि जुन्या गाड्यांना सहा महिन्यांनी यावं लागतं. पैसे डिझेल कारचे १५०, पेट्रोल आणि सीएनजी कारचे १२५, टू व्हीलर ५०, म्हणजे सरकारी रेट आहे तोच, वर चहापाणी मागितलं नाही. गाडीचा फोटो नंबर प्लेटसकट काढतात, डेटा वाहन पोर्टलला जातो. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर जुना असेल तर आधी बदलून घ्या, माझ्यापुढच्या काकांचा नंबर बंद पडलेला होता आणि ते त्या दादालाच ओरडत होते.

आता पेट्रोलवाल्यांसाठी, कारण रांगेत माझ्या मागं एक टर्बो पेट्रोल वाला मुलगा होता, स्टेज टू, म्हणजे सॉफ्टवेअरबरोबर पार्टही बदललेले, आणि त्याचं सगळं नाटक मी बघितलं. पेट्रोलला धूर मोजत नाहीत, गॅस मोजतात. बीएस ४ कारला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम, मग २५०० च्या आसपास आरपीएम धरून परत, तिथं सीओ ०.२ आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ च्या मधे. पेट्रोलचा नुसता सॉफ्टवेअर मॅप असेल तर सहसा यात काही अडत नाही, कारण आयडलला आणि विनालोड २५०० ला ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून मिश्रण बरोबर ठेवतोच, ट्यूनरनं जास्त पेट्रोल ओतलेलं असतं ते पूर्ण थ्रॉटलला. अडतं कुठं, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (विषारी वायू साफ करणारा एक्झॉस्टमधला भाग) काढून नुसता पाइप टाकला की. या मुलानं तेच केलेलं. हायड्रोकार्बन मर्यादेच्या कितीतरी वर. तो म्हणतो दादा मशीन खराब आहे. दादा म्हणाला, थांब, मागच्या स्टॉक वॅगनआरला लावून दाखवतो. लावून दाखवलं. पास. मुलगा गप्प. मला हसू आवरलं नाही, सॉरी.

तरीपण, या कागदाला फार डोक्यावर घ्यायचं कारण नाही. एक म्हणजे गाडी न्यूट्रलला असते, इंजिनावर लोड नाही, पैलवानाला खुर्चीत बसवून नाडी बघण्यातला प्रकार. घाटात फुल लोडला, पूर्ण बूस्टला माझी गाडी किती धूर सोडते हे या टेस्टला कळत नाही, ते मला आरशातच बघावं लागतं किंवा मागं कुणाला तरी गाडी घेऊन यायला सांगावं लागतं (मी भावाला सांगितलं, त्यानं व्हिडिओ काढला, ठीक आहे). दुसरं याहून वाईट. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा दाटपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. आणि गंमत बघा, ईजीआर (जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद केला की इंजिनात ताजी हवा जास्त जाते, काजळी कमी होते, म्हणजे पीयूसीचा आकडा उलट छान येतो, आणि नायट्रोजन ऑक्साइड मात्र वाढतो. माझ्या ट्यूनरनं तीही ऑफर दिली होती, ईजीआर ऑफ करून देतो मग के व्हॅल्यू बघा कशी येते. नको म्हटलं. आकडा सुंदर आणि हवा खराब, असला पास मला नकोय. हे नवीन काही नाही, २०१५ ला फोक्सवॅगनचं जे जगभर गाजलं ते नायट्रोजन ऑक्साइडचंच होतं, लॅबमधे एक आणि रस्त्यावर दुसरं, आणि आपल्याकडच्या गाड्या रस्त्यावर तपासल्या त्या आपल्या एआरएआयनंच (गाड्या तपासणारी पुण्यातली संस्था), ज्यांच्या टेकडीवर अर्धं कोथरूड सकाळी फिरायला जातं. आता नवीन बीएस ६ गाड्यांना एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरची टेस्ट पण आहे, पण ती कंपनीला, आपल्या पत्र्याच्या केबिनला नाही.

माझा आतेभाऊ सॅन होजेला असतो, त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला तुमची मजा आहे. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी स्मॉग चेक, नवीन पेट्रोल गाड्यांना पहिली आठ वर्षं सूट, आणि २००० नंतरच्या पेट्रोल गाडीला तर नळी घालतच नाहीत, ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरचं सॉकेट) वायर लावतात आणि गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारतात. आणि १९ जुलै २०२१ पासून सॉफ्टवेअर कंपनीचंच आहे का तेही बघतात, प्रत्येक कॅलिब्रेशनचा एक नंबर असतो तो जुळला नाही की नापास, धूर कितीही स्वच्छ असो. एकतर स्टॉक फाइल टाका नाहीतर त्यांच्या एअर बोर्डाची मंजुरी असलेलं ट्यून घ्या. बरं आदल्या रात्री स्टॉक फाइल टाकून सकाळी गेलात तरी चालत नाही, कारण फ्लॅश केल्यावर रेडिनेस मॉनिटर (गाडीनं स्वतःच्या केलेल्या तपासण्यांची नोंद) रिकामे होतात आणि ते भरायला गाडी नीट ठरावीक पद्धतीनं चालवावी लागते. आपल्या पीयूसीला ओबीडीची वायर नाही. या सेंटरच्या दादाला मी विचारलं की मॅप केलेला तुला मशीनवर कळतो का, तो म्हणाला नाही, धुरावरून कळतो.

कायद्याचं पण एकदा लिहून टाकते म्हणजे खाली कुणी विचारायला नको. पीयूसी पास झाली म्हणजे मॉडिफिकेशन कायदेशीर झालं असं अजिबात नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलायला आडवं येतं, जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीत मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. पीयूसीच नसेल तर वेगळं, त्याला १०,००० पर्यंत. म्हणजे रिमॅप करताना ही जोखीम आपली, मी ती घेतलीय, तुम्हाला घ्या म्हणत नाही. ट्यूनर यातलं काही सांगत नाही, तो डायनोचा (ताकद मोजायच्या मशीनचा) ग्राफ दाखवतो.

आता एक स्टार का कापला. सावली नाही, उन्हात बॉनेट उघडून उभं राहावं लागतं आणि त्या रेसच्या आवाजानं कान बसतात, बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या त्यातली एक मोडकी. पोर्टल डाउन असेल तर तो सरळ परत पाठवतो, त्याचा दोष नाही पण बोर्ड तरी लावा ना बाहेर, लोक लांबून येतात. प्रत्येक रेसचं वेगळं रीडिंग लॅपटॉपवर दिसतं पण कागदावर सरासरीच येते, मागितलं तर स्क्रीनचा फोटो काढू देतो, न मागता सांगत नाही. ट्यून केलेल्या गाडीवाल्यांनी तो फोटो नक्की घ्या, पहिलं रीडिंग आणि शेवटचं रीडिंग यात किती फरक आहे ते ट्यूनरला दाखवायला कामाला येतं. आणि मशीनचं कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट केबिनच्या आत भिंतीवर आहे, कॅलेंडरच्या मागं अर्धं झाकलेलं. ते बाहेर लावा की राव, तेच तर दाखवायचंय.

जाताना एवढं करा. निदान पंधरा-वीस मिनिटं गाडी नीट चालवत घेऊन जा, मधे हायवेला जरा तिसऱ्या-चौथ्यात ओढा, आणि रांगेत अर्धा तास आयडलला धुगधुगत ठेवू नका, काजळी साठते आणि मग नशिबाला दोष. एअर फिल्टर आधी बघा. ऑइल लेव्हल बघा, कारण पूर्ण रेस मारायचीय. आणि मॅप करायच्या आधी एकदा इथं येऊन स्टॉक गाडीचं रीडिंग घेऊन ठेवा, दीडशे रुपयात त्याच्याइतका पुरावा दुसरा नाही, मग ट्यूनरला सुरुवातीलाच सांगायचं की एवढं होतं, १.६२ च्या आत ठेवूनच फाइल दे आणि पैसे पासची स्लिप आल्यावर. कुरकुर करणारा ट्यूनर असेल तर दुसरा बघा, पुण्यात कमी नाहीत.

शनिवारी दुपारी जाऊ नका, टेम्पोवाल्यांची रांग असते. यूपीआय चालतं.